मांडव्याचा अविनाश



मागच्या खेपेला आपण इथे जमलो होतो, तेव्हा बोलणे संपल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हांला एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं. मला एक सांगा. गावातली पोरं पहाटे चारला उठून रस्त्यानं पळत सुटतात. माझा नातूपण त्यांच्यातच. घरी आला की भूक भूक करतो न् दुपारी आडवा होतो. पळून का कुणाचं पोट भरलंय?"

सगळी मंडळी हसली. आम्ही मात्र विचारात पडलो. बाबांचे बोलणे खोटे नव्हते. रानात माणूस मिळत नाही आणि घरातला तरणाताठा गडी सकाळी पळण्यात ताकद घालवतो. बापाच्या, आज्याच्या मनात असा प्रश्न येणारच. आम्ही बाबांना म्हणालो, "पुढच्या खेपेला उत्तर देतो." तेच उत्तर आज सांगणार आहोत. पण ते सरळ सांगण्याऐवजी एका माणसाची हकीगत सांगतो. ती ऐका, म्हणजे उत्तर तुमचे तुम्हांलाच सापडेल.

हा माणूस लांबचा नाही. नगरहून जामखेडला जाणारी एस.टी. वाटेत आष्टीला थांबते. ह्या आष्टीपर्यंत नगरहून २०२२ साली रेल्वेही सुरू झाली. आष्टी तालुका बीड जिल्ह्यात मोडतो. पण त्याची शीव आपल्या जिल्ह्याला लागून आहे. आपल्याकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आलेल्या. जमीन तशीच माळाची. पाऊस तसाच लहरी. ह्याच आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथे १३ सप्टेंबर १९९४ रोजी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी अविनाश साबळे जन्माला आला.

घरची शेती पुरेशी नव्हती. आईबाप वीटभट्टीवर कामाला जात. वीटभट्टीचे काम काय असते, ते आम्ही तुम्हांला काय सांगावे! तुमच्यातल्या कितीकांनी ते केले आहे. शाळा घरापासून सहा किलोमीटर लांब होती. जायला गाडी नव्हती. मग अविनाश चालत जाई, उशीर झाला की पळत जाई. त्या वेळी त्याच्या मनात कुठले पदक नव्हते. घंटा व्हायच्या आत शाळेत पोचायचे, एवढेच होते.

तो बारावीपर्यंत शिकला. मग सैन्यात भरती झाला. का झाला? देशाची सेवा तर खरीच. पण घराला आधार हवा होता, हेही तितकेच खरे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याला महार रेजिमेंटची पाचवी पलटण मिळाली.

पहिलीच नेमणूक कुठे झाली असेल? सियाचीनला! सियाचीन म्हणजे आपल्या देशाच्या उत्तर टोकाची हिमनदी. तिथे नजर जाईल तिकडे बर्फच बर्फ. थंडी इतकी, की पारा शून्याच्या खाली तीस-तीस, चाळीस-चाळीस अंश उतरतो. श्वास घ्यायला हवा पुरत नाही. दोन पावले टाकली की दम लागतो. मांडव्याच्या उन्हात वाढलेला हा मुलगा २०१३-१४ मध्ये त्या बर्फात पहाऱ्याला उभा होता. तिथून त्याची बदली राजस्थानच्या वाळवंटात झाली, आणि तिथून २०१५ साली सिक्कीमला. बर्फ झाला, वाळू झाली, डोंगर झाले.

सैन्यात पलटणी-पलटणींच्या शर्यती होतात. रानावनातून, चढउतारावरून पळायचे. २०१५ साली अविनाश त्या शर्यतीत उतरला. तेव्हा त्याचे वय एकवीस. मोठे धावपटू लहानपणापासून तालीम करतात. ह्याने सुरुवात केली तीच एकविसाव्या वर्षी. म्हणजे उशीर झाला म्हणून हातपाय गाळून बसू नये, हे इथे ध्यानात ठेवा. तुमच्यातले कितीजण चाळिशीत, पन्नाशीत पाटी हातात धरून बसले आहेत. तुम्हांला हे वेगळे सांगायला नको.

पण वाट सरळ नव्हती. मध्येच दुखापत झाली. पळणे थांबले. वजन वाढले. तालमीच्या तुकडीतून नाव कमी झाले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "जाऊ द्या. नोकरी आहे, पगार आहे, कशाला जिवाला तरास?" अविनाशने तसे म्हटले नाही. त्याने घाम गाळून वजन उतरवले आणि तो पुन्हा पळू लागला. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांनी त्याला हेरले. ते त्याला म्हणाले, "तू अडथळ्यांची शर्यत पळ." ही २०१७ ची गोष्ट.

आता ही अडथळ्यांची शर्यत काय असते, ते नीट समजून घ्या. तिला 'स्टीपलचेस' म्हणतात. स्टीपल म्हणजे ख्रिस्ती देवळाचे उंच शिखर. आयर्लंडात आणि इंग्लंडात पूर्वी लोक ह्या गावच्या देवळापासून त्या गावच्या देवळापर्यंत शर्यत लावीत. आधी घोड्यावरून, मग पायी. लांबून शिखर दिसे. त्याच्यावर नजर ठेवून निघायचे. वाटेत बांध आला, कुंपण आले, ओढा आला, तर वळसा घालायचा नाही. उडी मारून पार व्हायचे. म्हणजे आपल्या रानातून ह्या शिवारातून त्या शिवारात पळत जावे, तसेच!

आता ही शर्यत मैदानावर होते. अंतर ३००० मीटर, म्हणजे तीन किलोमीटर. मैदानाला साडेसात फेऱ्या पडतात. वाटेत लाकडी अडथळे असतात. ते पुरुषांसाठी सुमारे तीन फूट उंच असतात. हा अडथळा भक्कम असतो. पाय लागला तर तो पडत नाही, माणूस पडतो. असे अडथळे २८ वेळा ओलांडायचे. शिवाय सात वेळा अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा असतो. अडथळ्यावर एक पाय रोवायचा, उडी घ्यायची, बहुतेक वेळा पाण्यात उतरायचे आणि ओल्या बुटांनी तसेच पळत सुटायचे. एकूण झाले किती? २८ आणि ७, म्हणजे ३५ उड्या. आणि भोवती पंधरावीस गडी, कोपराला कोपर लावून पळणारे.

आता थोडा हिशेब करू. आपण आकडे वाचायला शिकलो आहोत, ते कशासाठी? भरतीला पोरे सोळाशे मीटर पळतात. साडेपाच मिनिटांत पळाला तर गाव त्याला चांगला म्हणते. अविनाश आपल्या सर्वांत वेगवान शर्यतीत पळाला, त्या वेगाने सोळाशे मीटरला ४ मिनिटे २१ सेकंद पडतात. तेही अडथळे ओलांडत. आणि तिथे न थांबता पुढे आणखी चौदाशे मीटर!

ह्या शर्यतीत भारतातला सर्वांत वेगवान वेळ गोपाळ सैनी ह्यांच्या नावावर होता. १९८१ साली त्यांनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत शर्यत संपवली होती. त्यानंतर ३७ वर्षे तो आकडा कुणाला हलवता आला नाही. २०१८ साली घोट्याच्या दुखण्याने अविनाशची आशियाई स्पर्धा हुकली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला तो ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पळाला. जुना आकडा मोडला.

इथे कुणी विचारील, "२९.८० म्हणजे काय वो?" सोपे आहे. रुपयाचे शंभर पैसे असतात ना? तसेच एका सेकंदाचे शंभर भाग करतात. २९ सेकंद आणि पुढच्या सेकंदाचे ८० भाग. रुपये-पैसे वाचता येतात, त्याला ही वेळही वाचता येते. हे ध्यानात ठेवा. पुढे ह्या 'पैशां'वरून फार मोठी गोष्ट घडणार आहे.

२०१९ साली दोहा शहरात जागतिक स्पर्धा होती. पहिल्या फेरीत पुढचा गडी धडपडला आणि अविनाश त्याच्यात अडकला. वेळ गेली. तरीही उठून त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंदांत शर्यत पुरी केली. आपल्या लोकांनी रीतसर अर्ज केला, की आमच्या गड्याला अडथळा झाला. पंचांनी तो मान्य केला. त्याला अंतिम फेरीत घेतले. तिथे तो तेरावा आला, पण वेळ ८ मिनिटे २१.३७ सेकंद. ह्या वेळेने त्याला ऑलिंपिकचे दार उघडले. अडथळ्यांच्या शर्यतीत भारताचा गडी ऑलिंपिकला गेला होता तो १९५२ साली, गुलझारा सिंग. त्यानंतर अविनाशच.

पण तो अर्ज कुणी लिहिला नसता तर? नियम वाचलेले माणूस तिथे नसते तर? अन्याय झाला म्हणून नुसते हळहळून चालत नाही. नियम माहीत असावा लागतो आणि तो कागदावर मांडावा लागतो. मैदानातही, तहसील कचेरीतही.

टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले. अविनाश ८ मिनिटे १८.१२ सेकंदांत पळाला. भारताचा नवा विक्रम झाला, पण अंतिम फेरी हुकली. पुढे २०२२ च्या जुलैत अमेरिकेत जागतिक स्पर्धा झाली. तिथे अंतिम फेरीत अकरावा आला. लोक म्हणाले, "ह्याच्यापुढे काय जातोय आता!"

आणि तीनच आठवड्यांनी, ६ ऑगस्ट २०२२ रोजी, इंग्लंडात बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तो पुन्हा उभा राहिला. ह्या शर्यतीत केनिया देशाची मक्तेदारी होती. आफ्रिकेतला हा देश. तिथली मुलेही शाळेला लांबलांबून पायी जातात. १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. सहाही वेळा सोने, रुपे आणि कांसे, तिन्ही पदके केनियाने नेली. दुसऱ्याला काही उरतच नसे. ह्या वेळीही केनियाचे गडी पुढे होते. शेवटच्या फेरीत अविनाशने एकेकाला मागे टाकले. पुढे एकच राहिला, अब्राहम किबिवोत. शेवटच्या सरळ वाटेवर दोघे जवळजवळ बरोबर आले. किबिवोतची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद. अविनाशची ८ मिनिटे ११.२० सेकंद.

करा वजाबाकी. किती उरले? शून्य पूर्णांक शून्य पाच. म्हणजे रुपयातले पाच पैसे! तीन किलोमीटर पळून, पस्तीस उड्या मारून, फरक पडला फार तर एक-सव्वा फुटाचा. सोने गेले, रुपे मिळाले. पण केनियाची मक्तेदारी मोडली ती आष्टी तालुक्यातल्या पोराने.

२०२३ साली पुन्हा उतार आला. जागतिक स्पर्धेत पहिल्याच फेरीत तो बाहेर पडला. दीड महिन्याने, १ ऑक्टोबरला, चीनमध्ये हांगझोऊ शहरात आशियाई स्पर्धा होती. तिथे अविनाश सुरुवातीपासून पुढे निघाला आणि शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही. ८ मिनिटे १९.५० सेकंद. सोन्याचे पदक! अडथळ्यांच्या शर्यतीत आशियाई स्पर्धेचे सोने जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष. तीन दिवसांनी पाच हजार मीटरच्या शर्यतीत त्याने रुप्याचेही पदक मिळवले.

२०२४ च्या जुलैत पॅरिसला तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पळाला. २०१८ पासून मोजले, तर त्याने भारताचा विक्रम दहा वेळा मोडला. पहिल्यांदा गोपाळ सैनींचा आणि पुढे नऊ वेळा स्वतःचाच. सैनींच्या वेळेपेक्षा जवळजवळ २१ सेकंद कमी. ही कमाई एका उडीत झाली नाही. कधी चार सेकंद, कधी दोन, कधी सव्वा, अशी गाठीला गाठ मारीत झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकला अंतिम फेरी गाठणारा तो ह्या शर्यतीतला पहिला भारतीय पुरुष ठरला. तिथे तो अकरावा आला. पहिला आला तो मोरोक्को देशाचा सुफियान अल बक्काली, आठ सेकंद पुढे. जगात आपण कुठे आहोत, हेही खरे खरे सांगितले पाहिजे.

'पहिला भारतीय पुरुष' असे आम्ही म्हणालो. पुरुष का म्हणालो? कारण त्याच्या आठ वर्षे आधी, २०१६ साली, ब्राझीलमध्ये रिओ शहराच्या ऑलिंपिकला ह्याच शर्यतीची अंतिम फेरी आपल्या महाराष्ट्राच्या मुलीने गाठली होती. ललिता बाबर तिचे नाव. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात मोही गाव आहे, तिथली. माण म्हणजे पाण्यावाचून तळमळणारा मुलूख. ती दहावी आली. पुढे ती सरकारी सेवेत अधिकारी झाली. इथे बसलेल्या आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे. पहाटे रस्त्याने पोरेच पळतात. पोरींनी का पळू नये?

आता हकीगतीचा अवघड भाग सांगतो.

२०२५ च्या मे महिन्यात अविनाशने दक्षिण कोरियात गुमी शहरी आशियाई अजिंक्यपदाचे सोने घेतले. पुढे ११ जुलैला युरोपात मोनॅको इथे शर्यत होती. शर्यत नुकतीच सुरू झाली होती. पाण्याच्या खड्ड्याशी तो पडला. गुडघ्यातला एक मुख्य बंध तुटला, आतली गादीही फाटली. शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याला मुकावी लागली. ज्या गुडघ्यावर पस्तीस उड्या पेलायच्या, तोच गेला. वय तेव्हा तीस पुरे.

हे ऐकून तुमच्यातले काहीजण मनात म्हणतील, "बघा, शेवटी काय मिळालं? गुडघाच गेला ना!"

म्हणून आणखी एक लहानशी हकीगत सांगतो. ती फार लांबची आहे. युरोपात स्वित्झर्लंड नावाचा देश आहे. डोंगरांचा, बर्फाचा. तिथली मुले चालायला लागली की थोड्याच दिवसांत पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायला शिकतात. त्याच्या मोठ्या शर्यती होतात. गडी मोटारीच्या वेगाने डोंगरावरून खाली येतात. पडला तर हाडे मोडतात. तिथली डोमिनिक गिसिन नावाची एक मुलगी ह्या शर्यती खेळायची. १९८५ सालचा तिचा जन्म. तिच्या गुडघ्यांवर किती वेळा शस्त्रक्रिया झाली असेल? एकदा नाही, दोनदा नाही. नऊ वेळा! दर वेळी ती बरी झाली, पुन्हा फळ्या बांधल्या, पुन्हा डोंगरावर गेली. २०१४ च्या फेब्रुवारीत रशियात हिवाळी ऑलिंपिक होते. तिथे तिने १ मिनिट ४१.५७ सेकंदांत उतार पार केला. दुसऱ्या देशाच्या टीना माझे नावाच्या मुलीनेही नेमक्या तेवढ्याच वेळात तो पार केला. शंभरातल्या एका भागाचाही फरक नाही. पंचांनी दोघींनाही सोने दिले. पुढच्याच वर्षी गिसिनने शर्यती थांबवल्या.

त्याच हिवाळ्याच्या आगेमागे आपला अविनाश सियाचीनच्या बर्फात उभा होता. तो काय जाणे, की पुढे आपल्यालाही गुडघा सांभाळावा लागणार आहे! गिसिनला नऊ शस्त्रक्रियांनंतर सोने मिळाले, म्हणून अविनाशलाही पुन्हा मिळेलच, असे आम्ही म्हणत नाही. कुणालाच तसे म्हणता येणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की पडलेला माणूस संपला, असा निकाल गावाने घाईने देऊ नये.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. पळून पोट भरते का?

खरे उत्तर असे आहे. शंभर पोरे पळतात, त्यांतली थोडीच भरती होतात. अविनाश तर लाखांत एखादा. म्हणून पोराने नुसते पळावे आणि दुसरे काही करू नये, असे आम्ही कधी सांगणार नाही. पण अविनाश बारावीपर्यंत शिकला होता, म्हणून भरतीच्या रांगेत उभा राहू शकला. शाळा आणि पळणे, दोन्ही त्याने एकाच वाटेवर केले. एक सोडून दुसरे केले नाही. बाबा, नातवाला पळू द्या. पण त्याचे पुस्तक मिटू देऊ नका.

आणखी चार गोष्टी सांगतो.

पोरांनी अंधारात डांबरी रस्त्याने पळू नये. ट्रक, जीपगाड्या भरधाव येतात. शाळेचे मैदान आहे, पाणंद आहे, तिथे पळावे. मैदान नसेल तर गावाने माळावर दोनशे मीटरची वाट आखून द्यावी. त्याला खर्च काही नाही. खडे वेचायचे आणि फक्की मारायची.

पळणाऱ्या पोराला भूक लागणारच. ती खोड नव्हे. भाकरी, डाळ, शेंगदाणे, गूळ, जमेल तेव्हा दूध-अंडी पोटात जाऊ द्या. घरात पळणारी मुलगी असली तर तिच्या ताटात हात आखडू नका.

गुडघा, घोटा दुखला तर नुसते चोळून पुन्हा पळायला पाठवू नका. डॉक्टरांना दाखवा. चार दिवसांची विश्रांती पुढची चार वर्षे वाचवते.

आणि शेवटचे. पोरगा भरतीत नापास होऊन घरी आला, तर त्या दिवशी त्याला टोमणा मारू नका. "गेला न् हात हलवीत आला," असे चारचौघांत म्हणू नका. त्याचे किती 'पैसे' कमी पडले, ते त्याला ठाऊक असते. त्या रात्री त्याला पोटभर जेवू घाला. सकाळी विचारा, "आता काय करायचं ठरवलंयस?" अविनाशचे नाव तालमीच्या तुकडीतून कमी झाले होते, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न पडला असेल.

बाबा आज आले आहेत. मागे खांबाला टेकून बसले आहेत. त्यांचा नातूही दारात उभा आहे. बाबा, तुम्ही आता आकडे वाचता. उद्या पहाटे नातवाबरोबर मैदानावर जा. हातात घड्याळ घ्या. तो पळेल, तुम्ही वेळ मोजा आणि वहीत लिहून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा मोजा. मग आम्हांला येऊन सांगा, किती सेकंद कमी झाले ते.

राम राम.